पावसाळ्यातला भोंगा

मी आटपाडीची. आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं आणि टँकर आला की बायका घागरी घेऊन भांडायच्या. पाणी आपल्या पायानं घरात शिरतं आणि माणसाला घराबाहेर काढतं, हे कृष्णाकाठच्या गावात ग्रामसेविका म्हणून जाईपर्यंत मला खरं वाटायचं नाही. त्यामुळं पहिल्याच वर्षी गावाचा पूर आराखडा लिहायचं काम गळ्यात पडलं, तेव्हा मी ते परीक्षेच्या पेपरासारखं केलं. सगळे रकाने भरले. अर्धवट काम दिसलं की माझं डोकं फिरतं, मग ते माझं असो की दुसऱ्याचं.

गावापासून दीडेक किलोमीटरवर, ओढा ओलांडून नदीच्या अंगाला एक मळा होता. तिथं काका-काकू दोघंच राहायची. जैन शेतकरी घर, एकुलती मुलगी सांगलीला दिलेली. काकांना अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं, नुसते डोळे माणसामागं फिरायचे. माझी ओळख झाली ती कसल्याशा सर्वेक्षणात. मी फॉर्म भरत बसले होते आणि काकूंनी माझ्या हातातला पेन काढून घेतला. "आवं बाई, दिवस बुडायच्या आत दोन घास खावा, मग काय ल्ह्यायचं ते ल्ह्या की." सूर्य मावळल्यावर त्यांच्याकडं कुणी जेवत नसे. त्या दिवसापासून आठवड्यातनं दोनदा तरी मी पाचच्या सुमाराला मळ्यात असायची. खोलीवर एकटीनं स्वयंपाक करायचा कंटाळा, हे एक कारण. काकू मला आवडायच्या, हे खरं कारण.

आराखड्यातली माझी सगळी काळजी या एका घराची होती. बाकीचं गाव चालून वर येऊ शकत होतं. काकांना हलवायचं म्हणजे चार गडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीत गादी, आणि खड्डा आला की काका गुरासारखे कण्हायचे. मागं दोनदा कुणाच्या तरी सांगण्यावरनं त्यांना हलवलं होतं आणि दोन्ही वेळा पाणी आलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी अंगाला जखमा झाल्या, त्या भरायला तीन महिने लागले. काकू म्हणाल्या, "बाई, उगं उगं न्हाई हालवायचं त्यास्नी. खरंच पाणी येणार असंल तवाच सांगा." मी शब्द दिला. कारखान्याचा भोंगा तीनदा लांब वाजला की निघायचं. त्याच्याआधी निघायचं नाही आणि त्यानंतर मिनिटभर थांबायचं नाही.

भोंगा ही माझीच कल्पना. नदीपलीकडचा साखर कारखाना, त्याचा जुना वाफेवरचा भोंगा, आवाज पाच-सहा गावांत जायचा. पाळी बदलली की वाजायचा आणि त्यावर लोक आपली घड्याळं लावायचे. जानेवारीत साताऱ्याला आमचं प्रशिक्षण झालं. शिकवायला एक निवृत्त गृहस्थ आले होते, त्यांचं आयुष्य कुठल्या तरी अणुवीज केंद्रात गेलेलं. केंद्राभोवतीच्या गावांना इशारा कसा द्यायचा, हेच त्यांचं काम होतं. मी मागनं बोलले, "साहेब, आमच्याकडं अणुभट्टी न्हाई, धरण हाय." सगळे हसले. तेही हसले आणि म्हणाले, धोका कसलाही असो, निरोप पोचला नाही तर सगळं सारखंच. मग एकेकाला उभं करून त्यांनी विचारायला सुरुवात केली. तुमचा पहिला इशारा कोणता? माझा नंबर आला. मी छाती काढून सांगितलं, कारखान्याचा भोंगा.

"आणि वीज गेली तर?"

"वाफेवर चालतो साहेब. विजेची गरजच न्हाई!"

टाळ्या पडल्या. साहेब परप्रांतातले, त्यांना ऊस काय ठाऊक. पण त्या खोलीत बसलेले आम्ही सगळे उसाच्या मुलखात काम करणारे, निम्म्यांच्या घरचा ऊस त्याच आठवड्यात तोडणीला आलेला. आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. पुढच्याच आठवड्यात गावात सराव घेतला. भोंगा तीनदा असा काही वाजला की पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळं गाव पंधरा मिनिटांत शाळेच्या पटांगणावर. मळ्यातनं ट्रॅक्टर आला, गादीवर काकांच्या जागी पोती ठेवलेली, शेजारी काकू लाजत बसलेल्या. फोटो निघाले. मी तो फोटो आईला पाठवला.

मग ऑगस्ट आला. महाबळेश्वराकडं आठ दिवस पाऊस हटत नव्हता. आमच्याकडं दोन दिवस वीज नाही. सकाळी साडेनऊला माझ्या फोनवर निरोप आला की वरच्या धरणातनं विसर्ग वाढवलाय, दुपारच्या आत पाणी गावाच्या रेषेला लागेल. तो निरोप वाचला आणि रेंज गेली. टॉवरचं डिझेल संपलं असणार. आराखड्यातली माझी फोन नंबरांची यादी, चार पानं, दोनदा तपासलेली, तिथंच मेली. मी म्हटलं जाऊ दे, भोंगा आहे. स्कूटी काढली आणि वरच्या पुलावरनं कारखान्याच्या गेटवर गेले.

गेटवर एकटा वॉचमन, अंगाला पोतं गुंडाळून बसलेला. मी ओरडले, "भोंगा वाजवा! तीनदा! पाणी येतंय!"

तो उठला, माझ्याकडं बघत राहिला. "मॅडम, भोंगा कशानं वाजवू? सीझन संपून चार महिनं झालं. बॉयलर उघडून ठेवलेत, आत गडी काम करायला लागलेत. वाफ कुठनं आणू?"

मी त्याला काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. आळशी म्हटलं, हरामखोर म्हटलं. तो बिचारा "व्हय मॅडम, व्हय मॅडम" करत भिजत उभा होता. आणि बोलता बोलता मला उन्हाळ्यातली एक दुपार आठवली. काकू भाकरी थापत होत्या आणि मान न वळवता म्हणाल्या होत्या, "बाई, पावसाळ्यात बी वाजतुया व्हय आता भोंगा?" मी ताटात बघत जेवत होते. म्हटलं, "वाजंल की काकू. समदी सोय केलीया. तुमी नगा काळजी करू." त्यांना ठाऊक होतं हो! चाळीस वर्षं त्या भोंग्याच्या आवाजात राहिलेली बाई, तिला कळलं होतं. पण आराखडा लिहिणारी बाई म्हणते म्हणजे सरकारनं काहीतरी नवी सोय केली असेल, असं तिला वाटलं. आणि मी प्रश्न ऐकलासुद्धा नव्हता.

परत गावात आले ती सरळ मशिदीत शिरले. तिथला लाऊडस्पीकर बॅटरीवर चालतो, मला माहीत होतं. मौलानांनी एक शब्द विचारला नाही, माईक माझ्या हातात दिला. "तुमीच बोला, मॅडम. तुमचा आवाज वळखत्यात लोक." मी घसा फुटेपर्यंत बोलले. गाव हललं. माणसं गुरं सोडून वर निघाली. पण वारा नदीकडनं गावाकडं होता आणि मळा नदीच्या बाजूला. तिकडं माझा आवाज जाणार नव्हता.

चौकात काकूंचा शेजारी भेटला, ट्रॅक्टरवर बायकापोरं घेऊन आलेला. मी त्याचा हातच धरला. "मळ्यात जाऊया. काकांना आणायचंय."

तो खाली बघायला लागला. "मॅडम, आमी सकाळी नवालाच गेलतो की. माणसंबी घेतली हुती. काकू न्हाई म्हणाल्या. म्हणाल्या, भोंगा झाल्याबगर ह्यास्नी हालवायचं न्हाई, बाईंनी बजावून सांगितलंय. लय समजावलं. ऐकंनात. आता वड्याला पाणी चढलंय, ट्रॅक्टर जायचा न्हाई."

तरी आम्ही गेलो. ओढा कुठं राहिला होता? नदीचा फुगवटा ओढ्यात शिरून तांबड्या पाण्याचा नुसता पट्टा झाला होता, बाभळींचे शेंडे तेवढे वर. पलीकडं उसाच्या फडावरनं मळ्याचा पत्रा दिसत होता. माणूस दिसत नव्हतं. मी "काकूऽऽ" म्हणून हाका मारल्या. पाण्यात उतरले, मांडीपर्यंत गेले असेन, तेवढ्यात त्यानं मागनं पदराला ओढलं. मला पोहता येत नाही. आटपाडीत शिकणार कुठं? मी त्याच्याशी भांडले, त्याला ढकललं, आणि मग तिथंच चिखलात बसून ऊर बडवून रडले. आपण तिथं असतो तर काहीतरी केलं असतं, असं लोक म्हणतात. मी होते, आणि मला काहीही करता आलं नाही. बोटीसाठी तालुक्याला माणूस मोटारसायकलवरनं पाठवला होता. साडेअकरा वाजले होते. बोट चारला आली.

काकूंनी त्या साडेचार तासांत काय केलं, ते बोटीवरच्या पोरांनी सांगितलं. ज्वारीची पोती रचून त्यांनी काकांना त्यावर घेतलं होतं. एकटीनं कसं घेतलं, देवाला ठाऊक. पाणी पोत्यांवर आलं तेव्हा त्या छातीभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि काकांचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून ठेवलं. बोटीत घेतलं तेव्हा काका जिवंत होते. थेट सांगलीला नेलं. दवाखान्याच्या पायरीवर गेले.

आमच्या अहवालात लिहिलं गेलं की ध्वनिक्षेपकावरून ग्रामस्थांना इशारा देण्यात आला. खोटं नव्हतं. मी सही केली.

काकू गावात परत आल्याच नाहीत, मुलीकडं सांगलीतच राहिल्या. पंधरा दिवस मला तिकडं जायचं धैर्य होईना. गेले तेव्हा दुपार होती. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात दोरीसारखे बारीक. मला बघून उठल्या, आत जाऊन स्वतः चहा करून आणला आणि माझ्यापुढं ठेवला. मग उशाखालनं एक कागद काढला.

"बाई, तुमी शिकल्याल्या, बघा जरा. कान तपासून आणलं म्या. ह्या डॉक्टरनं मशीन लावलं, म्हणतो, आजी, कान चांगलं हायत तुमचं. वयाच्या मानानं लय चांगलं." त्या माझ्याकडं बघत होत्या. "मग मला भोंगा कसा ऐकू आला न्हाई? म्या आत व्हते, भांडी माळ्यावर ठेवत व्हते, पत्र्यावर पाऊस वाजत व्हता. तवाच झाला असंल. एकदा बाहीर आले असते तर ऐकला असता. माझ्या कानानं मारलं त्यास्नी."

पंधरा दिवस ही बाई हे उरावर घेऊन बसली होती. पुराच्या धांदलीत गावातलं कुणी तिला भेटलं नव्हतं आणि मुलीला काही ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. एक क्षण मी गप्प बसलेही. खोटं कशाला सांगू?

मग सांगितलं. भोंगा झालाच नव्हता, काकू. पावसाळ्यात वाजतच नाही तो. माझं चुकलं.

त्या कागदाची घडी घालत राहिल्या. एक घडी, दुसरी, तिसरी.

"ट्रॅक्टर आला हुता, बाई," त्या म्हणाल्या. "दारात हुबा हुता. चार गडी हुतं. म्या परत पाठवला."

मी पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय आत घेतले. उठल्या, माझ्यापुढचा चहाचा कप उचलला आणि आत निघून गेल्या. आतनं मुलीशी काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळानं मुलगी दारात आली. तिला अवघड झालं होतं, ती माझ्याकडं बघत नव्हती.

"आई म्हणते, तुम्ही परत येऊ नका."