बटनाले हात लावू नोका

चंद्रपूरच्या आमच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने आली त्याच दिवशी वंदनाने स्विचबोर्डावर कागद चिकटवला: ‘बटनाले हात लावू नोका.’ ती आरमोरीकडची. रागावली की बोलणंही तिकडचंच. मुलांनो, ती संगणकाच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करी. मेमरीचे छोटे तुकडे, ‘पेज’, कोणत्या कामाला दिले आणि किती परत आले, याची मोजदाद कर्नल ठेवतो. ही मोजदाद चुकली की वंदनाचं डोकं फिरे.

जंगलातल्या एका दवाखान्याचा संगणक दर चार दिवसांनी गोठायचा. रोग्यांची माहिती उघडेना. विकणारा म्हणे, बंद करून चालू करा. वंदना फोनवर कडाडली, “बंद केल्यानं बिमारी जाते काय? पुरावा जाते! साप चावलेला मानूस समोर, अन् तुमी रीस्टार्ट सांगून राह्यले?”

तसाच संगणक तिने वर मांडला आणि तो गोठायची वाट पाहू लागली. चौथ्या दिवशी ती बाजारात गेली. रिकाम्या खोलीत वीज नको ही माझी शिस्त, म्हणून मी बटण बंद केलं. कागद वाचूनही.

“बाई, तुमची शिस्त तुमच्या कपाटात ठेवा! चार दिवस गिळले तुमी!”

“आवाज खाली. भाडेकरू आहेस.”

“मंग काढा बाहेर! पन आधी चूक सापडू द्या.”

पुढचे चार दिवस ती दारातच जेवली. चूक सापडली. एखादं काम मध्येच फसलं की पेज परत जाई, पण वापरातल्या आकड्यातून वजा होत नसे. असं साचत साचत मेमरी मोकळी असूनही कर्नल ‘जागा नाही’ म्हणे. दुरुस्ती दोन ओळींची. दवाखान्याचा संगणक पुन्हा गोठला नाही.

“दोन ओळी, बाई! अन् सारे नुसतं बटन दाबून राह्यले!” यशातही ती चिडलेलीच.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. डॉक्टरने सुई टोचली. “रक्त तपासा ना,” ती म्हणाली. तो हसला. ताप उतरला, पुन्हा चढला, पुन्हा सुई. मी म्हणाले, “उतरला ना? मग झालं.”

तिने डोळे मिटूनच म्हटलं, “बाई, तुमी पुन्हा बटन दाबलं.”

तिसऱ्यांदा ताप चढला तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे रक्तात मलेरिया निघाला. मेंदूपर्यंत पोचलेला. दोन दिवसांत ती गेली.

त्या डॉक्टरला मी त्याच्या रोग्यांसमोर नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, “मी ताप उतरवला होता.” मी वळले आणि घरी आले.

वरची खोली मी रोज झाडते. कागद तिथेच आहे.