गुण टिपायला लागलेला उशीर

किनाऱ्याची अर्धी वाट आम्ही चालून आलो होतो. कोळ्यांनी जाळी वाळत घातली होती तिथे नझीहा थांबली आणि म्हणाली, "मावशी, मला कायमचं काढलं. आता कुठल्याच टेनिस कोर्टावर पंच म्हणून बसता येणार नाही."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. लग्न होऊन मी ट्युनिशियातल्या या गावात आले, तेव्हा ही शेजारची मुलगी फ्रॉकात होती. तिचे वडील, तिजानीकाका, क्लबातल्या लाल मातीच्या कोर्टांवर पाणी मारायचे, रूळ फिरवायचे. त्याच कोर्टावर लेक पंचाच्या उंच खुर्चीत बसली, त्या दिवशी काकांनी गल्लीभर गरम ताबूना रोटी वाटली होती.

सामने तसे किरकोळच. बघायला एखाद्या खेळाडूची आई आणि क्लबातलं मांजर. पण गुण झाला की नझीहा हातातल्या यंत्रावर बोट टेकवायची आणि तो आकडा लगेच जगभर जायचा. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं फोनवर त्या सामन्यांवर पैसे लावत. तिचा धाकटा भाऊ अनीसही लावायचा आणि हरायचा. "त्या मांजराला विचारून लाव, निदान चहापुरते तरी सुटतील," असं ती त्याला चिडवायची.

मग अनीसने होडीतून चोरून इटलीला जायचं मनात घेतलं. गल्लीतली काही मुलं तशी गेली होती, त्यांचा पुढे पत्ता लागला नव्हता. नझीहा रडली, भांडली. तो म्हणाला, एवढंच कर, गुण झाला की बोट जरा उशिरा टेकव. मी कुंपणाशी उभा राहून बघीन, गुण कुणाला गेला ते कळलं की आकडा बाहेर जायच्या आत त्यावर पैसे लावीन. चार पैसे हाताशी आले की इथेच मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकतो, होडीचं नाव काढत नाही.

तिने ते केलं. एका श्वासाइतका उशीर. तेवढ्या वेळात तोंडात कोर्टावरची माती गेल्यासारखं वाटायचं, असं ती सांगत होती.

जिंकलेल्या पैशांतून अनीसने होडीतली जागा घेतली. रमजान उलटून गेला, त्याचा फोन अजून लागत नाही.

मागाहून टेनिस संघटनेचे चौकशीवाले आले. हिच्याच सामन्यांत कुणीतरी नेमकं बरोबर लावतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तिने काही लपवलं नाही.

मी काकांचं विचारलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एक लेकरू दर्याने नेलं, एक खुर्चीवर आहे, असं ते येईल त्याला सांगत बसतात.

घरं दिसू लागली तशी ती डावा पाय ओढत चालू लागली. मला वाटलं, चपलेत खडा गेला असेल.

"गुडघा गेला म्हणून काम सोडलं, असं बाबांना सांगायचंय," ती म्हणाली. "होडीचे पैसे माझ्या हाताने आले हे कळलं, तर ते जगायचे नाहीत. मी सांगायला गेले तर माझ्या तोंडावरूनच ओळखतील. तुमच्या शब्दावर मात्र त्यांनी कधी शंका घेतली नाही. तुम्ही देवाला भिता, खोटं बोलत नाही, माहीत आहे मला. तरी मागते. मावशी, तुम्ही सांगाल त्यांना?"