गार गाडीच खरं बोलते

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे ते माझ्या मामाचं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण पेणच्या कॉलेजात मला रोज पोचवलं ते मामाने. धाटावच्या कंपनीत रात्रपाळी करून तो गावी यायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि तीच मोटारसायकल वळवून मला मागे बसवायचा. परीक्षेच्या दिवसांत मी मागून त्याच्या कानाशी उत्तरं म्हणायचो. त्यातलं त्याला काही कळत नसे, पण मी अडलो की तो ओरडायचा, "थांबलास कशाला? पुढचं बोल!"

आता मी नोकरीसाठी नाशिकला असतो. गेल्या पौषात थोडे दिवस गावी गेलो होतो. सकाळी अंगणात मामाने किक मारली आणि इंजिनातून ठक् ठक् असा आवाज यायला लागला, आत कुणी लहान हातोडीने ठोकत असल्यासारखा. मामा शांतपणे मफलर गुंडाळत होता.

"मामा, गाडी ठोकतेय," मी म्हणालो. तो मफलरच गुंडाळत राहिला. मी जवळ जाऊन ओरडलो, तेव्हा म्हणाला, "म्हातारी झाली ती. खोकणारच!"

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे धाटावला जाणारे सगळेच मोठ्याने बोलतात. पाळीभर यंत्रांशेजारी उभं राहून सवयच लागते. "कंपनीवाला कानात बोलला तरी पेणच्या बाजारात ऐकू जातं," अशी गावात थट्टा चालते. फोनवर मामा "बरं, बरं, जेवलास ना?" एवढंच म्हणून फोन मामीकडे द्यायचा. त्याला फोनवर बोलायला आवडत नाही, अशी मी समजूत करून घेतली होती.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही गाडी पेणला ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. पोचेपर्यंत इंजिन तापलं आणि आवाज बंद झाला.

"ताप उतरल्यावर डॉक्टरकडं आल्यासारखं केलंत," मेकॅनिक हसला. "ठेवून जा. उद्या सकाळी या. गार गाडीच खरं बोलते."

दुसऱ्या दिवशी मामाची दुपारपाळी होती. सकाळीच एसटीने गेलो. मेकॅनिकने गाडीला हात लावला नव्हता. आमच्यासमोर किक मारली. ठक् ठक्. ऑइल बघितलं, ते बरोबर होतं. मग एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक त्याने इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. वरच्या बाजूला ऐकलं, मान हलवली. चेनच्या बाजूला ऐकलं, तिथेही नाही. खाली सिलिंडरवर टेकवल्यावर थांबला. "हा बघा, इथं." माझ्याही कानाला लावला. ठोका थेट डोक्यात वाजला.

"पिस्टन झिजलाय," तो म्हणाला. "गार असताना सैल बसतो, बाजूला आपटतो. तापला की फुगतो, मग गप. बरेच महिने वाजत असणार. काका, तुमच्या लक्षात नाय आलं?"

मामा त्याच्या तोंडाकडे बघत होता. "हल्लीच सुरू झालंय," तो म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर त्याने स्वतःच मागून घेतला. मूठ कानाला लावून डोळे मिटले.

"व्हय," त्याने मान डोलावली. "येतोय. ठक् ठक्. चांगला येतोय."

इंजिन तोवर तापलं होतं. आवाज थांबून गेला होता.

मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं आणि फडक्याने हात पुसत राहिला. मग मोठ्याने विचारलं, "काका, कंपनीत कुठं असता?"

"कॉम्प्रेसरला. पयल्यापासून त्या धडधडीतच."

परतीच्या एसटीत मामाने दोघांची तिकिटं काढली. मग माझ्याकडे झुकून म्हणाला, "मामीला सांगू नको. कंपनीत कळलं तर घरी बसवतील मला." त्याला वाटलं, तो हळू बोलला. पुढच्या सीटवरच्या बाया वळून बघायला लागल्या.

नवा पिस्टन बसला. गाडी आता ठोकत नाही. नाशिकला आल्यावर मी मामाला फोन केला, घसा ताणून सगळं बोलायचं ठरवलं होतं. पलीकडून आलं, "बरं, बरं, जेवलास ना?" म्हणून मग हे पत्र लिहिलं.

प्रिय मामा,

वडीलधाऱ्यांना पत्रात 'तुम्ही' लिहावं असं शाळेत शिकवलं होतं. तुला ते लिहायला हात धजत नाही.

त्या दिवशी तू 'येतोय' म्हणालास तेव्हा गाडी गप्प झाली होती. मेकॅनिकला कळलं आणि मलाही. मामीला मी सांगितलेलं नाही. ते तूच सांग, तिला बहुतेक माहीत असेल.

होळीला मी येतोय. आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी इथे एका डॉक्टरांना विचारलं. गेलेलं परत येत नाही म्हणाले, तुला खोटी आशा दाखवत नाही. उरलंय ते तरी राखू. कंपनीचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तोवर गाडी चालवू नकोस. धाटावच्या रस्त्याला मागून ट्रकने कितीही हॉर्न दिला तरी तुला कळणार नाही. आपल्या आळीतल्या कुणाच्या तरी मागे बसून जा. मागे बसण्यात कमीपणा नाही, मामा. मी सगळं कॉलेज तुझ्या मागे बसून केलं.

तुझा भाचा