खुडूक कोंबडीची ब्रॉयलर पोरं

युगादीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी अंड्याचा रस्सा झाला. बेंगळूरच्या लोकांना यातली शोकांतिका लगेच कळेल... बाकीच्यांसाठी सांगते. पाडव्याचं गोडधोड संपलं की दुसऱ्या दिवशी इथे 'होसतोडकू' असतो, म्हणजे घरोघरी मटण नाहीतर कोंबडी, आणि दुकानांसमोर उजाडल्यापासून रांगा.

आमचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथेच मुरलेलं. होसतोडकू आम्ही चुकवत नाही. यंदा तर कोंबड्या घरच्याच होत्या! सहा गुबगुबीत ब्रॉयलर परसात बसलेले आणि आम्ही ताटात अंडी घेऊन बसलेलो...

झालं असं की आमची गावठी कोंबडी, काळी, खुडूक होऊन अंड्यांवर बसली. नव्या अपार्टमेंटवाल्यांना आरवण्याचा त्रास होतो म्हणून कोंबडा आम्ही आधीच देऊन टाकला होता, त्यामुळे त्या अंड्यांतून काही निघणार नव्हतं. पण ही बाई उठेचना. खाणं सोडलं, हाडं लागायला लागली, जवळ गेलं तर अंगावर यायची.

मी म्हटलं, पाण्यात बुडवून काढूया, खुडूक मोडेल. बरेच जण तसंच करतात. अम्माला ते पटेना.

"स्वल्प पिल्लं आणून दे तिला. तिला काय करायचंय, कुणाची का असेनात."

बोम्मसंद्र्याच्या बाजूला एका दुकानात मिळाली ती नेमकी ब्रॉयलरची. अम्मा खूश. होसतोडकूपर्यंत तयार होतील म्हणाली.

तिन्हीसांजेला खुराड्यात अंधार झाल्यावर अम्मानं अंडी अलगद काढली आणि एकेक पिल्लू काळीच्या पोटाखाली सरकवलं. सकाळी बघते तर काळी त्यांच्याशी हळू आवाजात गुटरगुटर बोलत होती. पिवळे कापसाचे गोळे तिच्या काळ्या पिसांतून डोकावत होते. मला उगाचच भरून आलं.

पण ब्रॉयलर ते ब्रॉयलर! ती बिचारी माती उकरून किडे दाखवायची, हाका मारून मारून दमायची... आणि ही मंडळी खाद्याच्या भांड्यासमोर ठाण मांडून. शेवटी अम्मानं दुपारी ते भांडंच उचलून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे लेकरं आईमागे डुलत डुलत फिरू लागली. बघता बघता ती तिच्याएवढी झाली, मग तिच्याहून जड.

काळी एरवी पेरूच्या फांदीवर झोपायची. या जाड्यांना उडता येईना, म्हणून तीही खाली जमिनीवर, पंख पसरून. पंखाखाली मावायची ती फक्त डोकी.

इकडे माझं वेगळंच चाललं होतं. ऑफिसनं मला बढती देऊन पुण्याला बोलावलं होतं. अप्पा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे अम्माला कसं सांगायचं हेच सुचत नव्हतं. रोज मारतहळ्ळीहून परत येताना कंपनीच्या बसमध्ये वाक्यं जुळवायची आणि घरी आल्यावर भाजी काय आहे ते विचारायचं... शेवटी ठरवलं, होसतोडकूला जेवणं झाली की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं.

त्या सकाळी माझा चुलत भाऊ, अण्णा, सुरीला धार लावून हजर. अम्मा खुराड्यापाशी गेली, बघितलं आणि परत आली.

"आज नाही कापायची. तिनं अजून सोडलं नाही त्यांना."

आमच्या घरची ही जुनी रीत. कोंबडी पिल्लांना स्वतः टोचून लांब करत नाही तोवर त्यांना सुरी लावायची नाही. गावठी पिल्लं तोवर कापण्याजोगी होतच नाहीत, त्यामुळे ही अडचण कधी आलीच नव्हती. आईच्या पंखाखालची मुलं आईपेक्षा मोठी असतील, हे आमच्या पूर्वजांना काय माहीत!

"अगं काकू, दुकानातली पिल्लं ती. त्यांना कसली रीत?" अण्णा अगदी कळवळला.

"जा, तिला सांग," अम्मा म्हणाली.

तर अंडी. अण्णा तोंड फुगवून जेवला, पण दोनदा वाढून घेतलं. मी मात्र पुण्याचं काहीच बोलले नाही. तिचं ते 'अजून सोडलं नाही' ऐकल्यावर धीरच झाला नाही.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही परसात चहा पीत बसलो होतो. नेहमीसारखा एक धटिंगण काळीला जाऊन बिलगला. तिनं त्याला टोचलं. मग दुसऱ्याला. आणि फडफडत थेट पेरूच्या फांदीवर जाऊन बसली. सगळी माना वर करून बघत राहिली. तिनं एकदाही खाली पाहिलं नाही.

अम्मानं कप खाली ठेवला.

"सरी, बरं. झालं तिचं," ती म्हणाली. "तू कधी निघतेस पुण्याला?"

माझा कप हातातच राहिला.

"फोनवर बोलतेस ते ऐकू येत नाही होय मला? म्हातारी झाले, बहिरी नाही. तू सांगशील म्हणून वाट बघितली. मग म्हटलं, आता आपणच टोचावं."

मी रडत रडत विचारलं, "त्यांना तर कापणार, मग माझं काय करणार?"

"तुला खाऊ घालून पाठवणार," म्हणाली आणि माझ्याच ओढणीनं माझं नाक पुसलं.

रविवारी अण्णा पुन्हा आला. कोंबडीचा रस्सा आणि नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे... खोटं कशाला बोलू, चव अप्रतिम होती. काळी तिकडे एकटीच माती उकरत होती, अगदी मजेत.

काल मी पुण्याला होकार कळवला. कोंबडीला जमतं, एकदा सोडलं की सोडलं. अम्मा मात्र कालपासून पुन्हा पुन्हा येऊन विचारतेय, पुण्यात थंडी फार असते का गं... भर उन्हाळ्यात.