नालेचा सातवा दात

११ डिसेंबर, रविवार. सकाळी साडेदहा. उल्हासनगर कॅम्प नं. ३, लग्नाच्या हॉलसमोर.

हजर: राणी, पांढरी घोडी, वय नऊ. बबन, तिचा मालक, अंबरनाथचा. करीमचाचा, नालबंद. आमचे शेठ, आनंदनगरातल्या आमच्या फोर्जिंग कारखान्याचे मालक. मी, त्याच कारखान्यात क्वालिटी बघणारी, राहणार बदलापूर. शिवाय नवरदेव, बँड आणि शंभरेक वऱ्हाडी.

ही नोंद माझ्याच वहीतली आहे, तीन वर्षांपूर्वीची. त्या दिवसावर वहीत आणखी दोन पानं आहेत. मथळे लाल शाईत, समास सोडलेला, अक्षर नेहमीसारखं सुबक. आणि जे घडलं ते त्या दोन पानांत नाही. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आज लिहितेय, कारण ते सुबक अक्षर आता मला बघवत नाही.

आधी दातांबद्दल सांगायला हवं.

कॅम्पातले रस्ते सिमेंटचे झाले, हॉलच्या दारात चकचकीत लाद्या आल्या, आणि लग्नाच्या घोड्या घसरायला लागल्या. लोखंडी नाल लादीवर म्हणजे साबणावर पाय. करीमचाचा नालेच्या टाचेखाली वेल्डिंगचे दोन ठिपके मारून द्यायचे. महिनाभरात ठिपके झिजायचे. मग सगळी नाल उपटा, नवी ठोका, खुरात नवे खिळे. एकदा ते आमच्या गेटवर लोखंडाच्या पट्ट्या घ्यायला आले आणि झिजलेली नाल माझ्यापुढे धरून म्हणाले, "देखो मॅडम. घिसता है इतना-सा, फेकना पडता है पूरा."

त्या एका वाक्यावर मी आठ महिने काम केलं. नाल तीच ठेवायची, टाचेकडे दोन भोकं, भोकांना आटे, आणि त्यात पान्याने आवळायचे छोटे गुटके. डांबरासाठी पोलादी, लादीसाठी कडक रबराचे. झिजले की तेवढेच बदला, खुराला हात लावायचा नाही. एका नालेला दोन, चार पायांना आठ. ड्रॉइंगवर मी त्यांना काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. बबनने पहिल्याच दिवशी ते "दात" करून टाकले.

"मॅडम, राणीला आठ दात बसवताय," तो म्हणाला, "माझे चार पडलेत, त्यांचं काय?"

"पहले उसके," करीमचाचा म्हणाले. "वो कमाके खाती है."

मी हसले होते. पाना हातात होता आणि मी अगदी मनापासून हसले होते. हे मुद्दाम लिहितेय — त्या माणसांशी माझं काही वाकडं नव्हतं. काही वाकडं असतं तर निदान कारण तरी सापडलं असतं.

आता चेकलिस्ट, म्हणजे दात बसवताना भरायचा तपासणीचा कागद. आठ दातांच्या आठ ओळी. प्रत्येक दात बसवायचा, पाना टक् वाजेपर्यंत आवळायचा, बोटाने हलवून बघायचा, मग ओळीसमोर बरोबरची खूण. ही पद्धत माझीच. नव्या पोरींनी न तपासता खूण केली तर त्यांना मी सगळ्यांसमोर झापते. आणि मी स्वतः? ती चेकलिस्ट मी आदल्या दिवशी घरी चहा पिता पिता भरली होती. आठच्या आठ खुणा, खाली सही. ऑडिटच्या आधी सगळेच असं करतात — मोकळ्या वेळात कागद भरून ठेवायचे, म्हणजे कामाच्या वेळी खोळंबा नको. सगळेच करतात, हे खरं आहे. ते इथे कामाचं नाही.

करीमचाचांनी नाला शनिवारीच ठोकल्या होत्या. रविवारी मिरवणूक रस्त्याने आली ती पोलादी दातांवर, एकदम झकास. हॉलच्या दारात लाद्यांचा चढ होता. तिथे मिरवणूक थांबली, नवरदेव खाली उतरला आणि मी दात बदलायला बसले. बँड सुरू असला की राणी फक्त करीमचाचांचं ऐकायची, म्हणून ते तिचं तोंड धरून पुढे उभे. बबन एकेक पाय उचलून धरत होता, पण त्याचं लक्ष बँडवाल्यांशी भांडण्यात. रबराचे सहा दात बसले. सातवा — मागचा डावा, आतल्या बाजूचा. जुना काढला, नवा हातात घेतला, तेवढ्यात शेठ ओरडले, "मॅडम, फोटो! नवरदेव के साथ, जल्दी!"

मी उठले. दात जॅकेटच्या खिशात टाकला. फोटोत हसले. परत आले, आठवा बसवला. मग चेकलिस्ट बघितली. आठ खुणा. पूर्ण.

बोट लावून बघितलं असतं तर? एक बोट. पण कागद पूर्ण होता ना — मग बोट कशाला लावायचं?

नवरदेव पुन्हा चढला. राणी लादीवर चार पावलं गेली. पाचव्याला मागचा डावा पाय बाहेर सरकला, एका बाजूला पकड आणि दुसरीकडे नुसतं भोक, पाय पिळला गेला आणि ती बसली. मग पुढचे दोन्ही गुडघे लादीवर आपटले. तो आवाज मी इथे लिहिणार नाही. नवरदेव एका वऱ्हाड्याच्या अंगावर पडला, त्याला खरचटलंसुद्धा नाही. राणीच्या गुडघ्यांची कातडी सोलून लोंबत होती.

बँड बंद झाला. बबनने तिला उठवून बाजूला नेलं. नवरदेवाचा मामा करीमचाचांवर धावून आला. "नाल तूच ठोकली ना रे?" करीमचाचा म्हणाले, "हां, मैंनेही." दुसरं काही म्हणायच्या आत त्याने त्यांच्या थोबाडीत मारली. साठी उलटलेल्या माणसाच्या. टोपी उडाली.

करीमचाचांनी टोपी उचलली, राणीजवळ गेले, मागचा पाय उचलून बघितला आणि मला हाक मारली. "मॅडम, नाल तो बैठी है. एक दात नहीं है."

शेठ माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "अपना दात निकला, या उसकी नाल हिली?"

मी चेकलिस्ट पुढे केली. मी म्हणाले, "दात आठही आवळले होते. नाल हलल्याशिवाय दात निघणार नाही."

इथपर्यंत मला खरंच तसं वाटत होतं का? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळ वेळा विचारलाय, कारण "हो" म्हणता आलं तर तेवढा तरी भाग धुतला जाईल. अर्धवट वाटत होतं. एवढंच म्हणता येतं. पण पुढच्या भागाला ती सवलतसुद्धा नाही.

करीमचाचा म्हणाले, दात इथेच कुठेतरी पडला असणार. सापडला तर आट्यांवरून कळेल, ओढून निघाला की कसा. अगदी बरोबर विचार. माझ्या कुठल्याही इंजिनियरला सुचला नसता. आणि ते गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. झेंडूच्या तुडवलेल्या पाकळ्यांत, फटाक्यांच्या कागदांत, लोकांच्या बुटांच्या मधून. कुणीतरी म्हणालं, "चाचा, अक्कल हरवली का?" लोक हसले. ते पाकळ्या बाजूला करत राहिले. मीही वाकले. रुमाल काढायला खिशात हात घातला.

दात खिशात होता.

रबराचा, कोरा, बोटाच्या पेराएवढा. आट्यांना साधा ओरखडा नाही. मी मूठ मिटली. आणि मग मी काय केलं — हे वाचा नीट, कारण याच्यासाठीच एवढं सगळं लिहिलंय — मी शोधत राहिले. एक हात खिशात, दुसऱ्या हाताने पाकळ्या उचकत. करीमचाचांच्या शेजारी बसून. दहा मिनिटं असतील. मध्ये एकदा मी त्यांना म्हणालेसुद्धा, "चाचा, तिकडे गटाराच्या जाळीजवळ बघितलंत का?"

त्यांनी जाळीजवळ जाऊन बघितलं. जाळीत हात घालून बघितलं.

त्या वाक्याची मला किळस येते. खोटं बोलणं एक वेळ समजेल, घाबरलेला माणूस खोटं बोलतो. पण मदत? मी त्यांना मदत करत होते, आवाजात काळजी होती. तो आवाज मी घरी भाजीवाल्याशी, सुनेशी, शेजारणीशी बोलताना काढते. तोच आवाज.

त्यानंतरचं लवकर उरकते. घोडीवाले मोजके, सगळे एकमेकांना ओळखणारे. दोन दिवसांत फोनवर आवाजी निरोप फिरला: करीमच्या हातची नाल नको. तो लग्नाचा मोसम त्यांच्या हातून गेला, पुढचाही. फुटलेल्या गुडघ्यांची घोडी लग्नाच्या दारात कुणी उभी करत नाही. बबनने राणी विकली, कुठे ते सांगितलं नाही. मी अहवाल लिहिला. कारण: नाल बसवण्यातील दोष. उपाय: दाताच्या बुडाशी तारेची खीळ. खीळ चांगली आहे. दात आता पुष्कळ ठिकाणी चालतात. कारखान्यात माझं कौतुक झालं, पेढे मीच आणले.

गेल्या पावसाळ्यात विठ्ठलवाडीला डेपोच्या भिंतीशी कात्र्यांना धार लावणारा बसलेला दिसला. जीन्सच्या कारखान्यांतल्या मोठ्या कात्र्यांची चळत शेजारी. पिशवीत माझी शिवणाची कात्री होती, यादीत "कात्री — धार" लिहिलेलं होतं. पुढे गेले आणि मग चेहरा बघितला. त्यांनी आधीच ओळखलं होतं.

"बैठो मॅडम. चाय?"

मी नको म्हणाले. त्यांनी चाक फिरवलं, कात्री घासली, अंगठ्याने धार बघितली, चिंधी कापून दाखवली. पैसे घेईनात. मग चाकावरची नजर न काढता, अगदी सहज, एखाद्याने जुन्या शेजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं, "मॅडम, वो दात मिला क्या कभी?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी कदाचित तिथेच बोलले असते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. अडीच वर्षं त्या माणसाने मनातल्या मनात आपली नाल उपटून पाहिली असणार. कुठला खिळा, कुठला ठोका, कुठे हात चुकला.

मी म्हणाले, "नाही चाचा."

"नहीं मिलेगा अब," ते म्हणाले. "गटर में गया होगा. आपने बोला था ना, जाली के पास."

कात्रीला फार छान धार लागली आहे. मी ती वापरत नाही.

आमच्याकडे नियम आहे. चुकीची नोंद पुसायची नाही, वर पांढरं लावायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. हा नियमही मीच शिकवते. ती चेकलिस्ट कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये आहे. सातव्या ओळीवर रेघ नाही.

दर रविवारी मी आठवड्याची यादी करते. गॅस, बिलं, सासऱ्यांची औषधं. शेवटी लिहिते: "दात — करीमचाचा." शनिवारी बाकीच्या ओळींवर काट मारते आणि ही एक ओळ नव्या पानावर उतरवते. पाऊस संपल्यापासून एकही आठवडा चुकला नाही.

ते मंगळवार सोडून रोज बसतात, दहा ते सहा. दात शिवणाच्या डब्यात आहे, बटणांखाली.