देठाचं पान

गिरडजवळच्या एका गायरानाला तार घालून बकऱ्यांच्या चाऱ्यासाठी बाभळी लावल्या, त्याबद्दल वनखात्यातल्या आमच्या साहेबांचा सत्कार चालू होता. एक म्हातारी बकरी ओढत मंडपात आली आणि तिथलंच उपटलेलं एक खुरटं रोप तिने साहेबांच्या नाकाखाली धरलं. खालची पानं बाभळीची, पिसासारखी; वर मात्र पिसं गळून देठच चपटा झाला होता आणि पानाच्या जागी बसला होता. ऑस्ट्रेलियातल्या बाभळींनी कोरड्या हवेत शोधलेली ही युक्ती. लहानपणी त्या आपल्या बाभळीसारख्याच दिसतात, आणि साहेबांनी त्यांना लहान रोपं असतानाच पाहिलं होतं.

"आजी, बाभूळच आहे ही."

"तुमी खाऊन पाह्यली काय?" तिने रोप बकरीपुढे धरलं. बकरीने हुंगून तोंड फिरवलं.

"पोट भरलं असेल तिचं."

"कायनं भरन? चरायची जागा तुमीच बंद केली ना! सकाळपासून उपाशी हाय थे. आता इले काय चारू, तुमची शाल?"

साहेबांनी शाल आवरून घेतली. म्हातारी तारेपाशी गेली, तार पायाने दाबली आणि रोपांमधल्या गवतात बकरी सोडली. शिपाई साहेबांकडे बघत राहिला. अडवायला मीही उठलो नाही.