रिकाम्या गाडीचा आवाज

पत्नी गेल्यानंतर मी कामावर परतलो, तेव्हा मला शोरूममधून काढून मागे वर्कशॉपमध्ये तक्रारींच्या टेबलावर बसवलं. कमी बोलणारा माणूस तिथे बरा, असं मालकांना वाटलं असावं. दुरुस्तीनंतरही गाडी तशीच राहिलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसायची. झालेल्या खर्चापेक्षा आपलं म्हणणं कुणी खरं धरलं नाही, याचाच राग बहुतेकांना असे. तो ऐकून घेणं मला जड जात नसे.

अक्कलकोटकडचे एक काका काकूंना घेऊन तिसऱ्यांदा आले होते. खड्ड्यातून जाताना गाडीच्या मागच्या बाजूने 'कट्ट' असा आवाज येतो, एवढीच त्यांची तक्रार. आमच्या लोकांनी आधी मागचे शॉकअप बदलले, नंतर त्यातले रबरी बुश. आवाज तसाच. काकूंना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा सोलापूरला आणावं लागे.

"वाटंत चाक निखळलं तर हिला घेऊन मी कुटं जाऊ?" काका म्हणाले.

आमचा सुपरवायझर कंटाळला होता. "काका, आम्ही चालवून बघितली. आवाज गाडीत नाही, तुमच्या कानात असेल."

"कानात असता तर घरी बसल्यावरबी आला असता की."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

काकांनी मात्र ठरवलं होतं. आज आवाज सापडला नाही तर गाडी घरीच लावायची आणि काकूंना एसटीने आणायचं. डायलिसिसनंतर अंगात काय त्राण उरतं, ते मला ठाऊक होतं. माझ्या पत्नीला रिक्षात बसवतानाही धरावं लागे.

मी गाडी वर्कशॉपमध्ये घेऊ दिली नाही. काकांनाच चालवायला सांगितलं आणि मागे काकूंच्या शेजारी बसलो. अक्कलकोट रोडला लागलो, पहिला गतिरोधक आला आणि आवाज झाला. काकूंचा पाय झटकन पुढच्या सीटखाली सरकला. मी वाकून पाहिलं. फिरकीच्या झाकणाचा छोटा स्टीलचा तांब्या, सीटच्या लोखंडी पट्टीला टेकलेला.

"ऐकलंत न्हवं?" पुढून काकांनी विचारलं.

"ऐकलं. गाडी जरा बाजूला घ्या."

काका उतरून मागचं चाक बघायला गेले. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका. डॉक्टरनी पाणी मोजून दिलंय, पण घशाला लई कोरड पडती. घोट-घोटच पिते मी. आवाज ह्याचाच हाय, हे मलाबी आधी कळलं न्हाई. कळलं तवा सांगायचं धाडस झालं न्हाई."

ती तहान मी घरात पाहिली होती. चोरून प्यायलेल्या पाण्यानंतर लागणारा दमही.

"काकू, माझ्या घरातही हाच आजार होता."

"होता?"

मी मान हलवली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच वाकून त्यांनी तांब्या उचलला आणि काच खाली केली.

"अहो, चाक राहू द्या. हितं बघा."

काका तांब्या हातात घेऊन उभे राहिले. "तरीच पाय सुजत हुते. मला मागायचंस की."

"मागितलं तर देत हुता व्हय तुमी?"

काकांनी तांब्या कानाशी हलवून आत किती उरलंय ते पाहिलं. मग मला म्हणाले, "सायब, म्हंजी तुमच्या लोकांनी चांगलं काढून नवं बसवलं."

"हो. चूक आमचीच." गाडी आत घेण्याआधी आमच्याकडे सगळं सामान पिशवीत भरून ग्राहकाच्या हातात देतात, आणि मग गाडी चालवून बघतात. दोन्ही वेळा तांब्या काकूंच्या मांडीवरच्या पिशवीत होता. रिकाम्या गाडीत न आलेला आवाज आमच्या लोकांनी अंदाजाने शोधला होता. बदललेल्या भागांचा खर्च परत करायला मी मालकांना सांगेन, असं मी काकांना म्हणालो. त्यांनी नुसतं 'बरं' म्हटलं.

परतताना मी काकूंना सांगितलं, डॉक्टरांना विचारून दिवसाच्या पाण्यातलंच थोडं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. घोट लगेच संपतो. खडा तोंडात टिकतो.

"कुणी सांगितलं हे?"

"तिचं तिनेच शोधलं होतं."

काका गाडी सावकाश चालवत होते. तांब्या त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवला होता, आणि खड्डा आला की डाव्या हाताने तो धरत होते.